डाव्या बाजूचा पट्टा

माझ्या गाडीच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत. डाव्या बाजूला हाताने ओढलेला पट्टा आहे आणि उजव्या बाजूला विकत आणलेली चिकटपट्टी. पेट्रोल पंपावर कुणीतरी हमखास विचारतं, "व्हॉट हॅपन्ड, मेट?" मी म्हणतो, लाँग स्टोरी. लाँगबिंग काही नाही. मी माती खाल्ली, एवढीच ती स्टोरी आहे. पण तेवढं सांगायला मला काही वर्षं लागली.

गाडी म्हणजे अमेरिकन मसल कार. आठ सिलिंडरचं इंजिन, लांबलचक बॉनेट, आणि मागे कुणाला बसवायचं तर त्याचे पाय आधी घरी काढून ठेवावे लागतील एवढीच जागा. मेलबर्नच्या कडेला पॉइंट कुकमध्ये राहणाऱ्या, रोज स्टेशनवर गाडी लावून ट्रेनने सिटीत जाणाऱ्या आयटीवाल्याला असली गाडी कशाला हवी, हे बायकोने विचारलं, सासूबाईंनी फोनवरून विचारलं, ऑफिसातल्या पंजाबी दोस्ताने तर "भाई, मिडलाइफ क्रायसिस?" असं तोंडावर विचारलं. मी कुणालाच दाद दिली नाही. सेकंडहँड गाडी घेतली आणि मग तिला नटवायचा रोगच लागला मला. बंपरखाली काळा स्प्लिटर लावला, बॉनेटवर हवा खेचणारं स्कूप बसवलं, चाकं काळी केली, डिकीवर बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर आला. सगळ्यात शेवटी दोन्ही बाजूंना विनाइलचे पट्टे, डँडेनाँगच्या एका दुकानात दोन महिने नंबर लावून. बायको म्हणाली, "नवरी नटली. आता वरात कधी काढतोस?"

गाड्या नटवायचं हे वेड माझ्यात कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण मी ते कुणाला सांगत नसे. माझे वडील पुण्यात टेम्पो आणि ट्रक रंगवायचे. फाळक्यावर कमळ, दारावर मोर, मागे 'आईचा आशीर्वाद', आणि दोन्ही अंगांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघा. त्या रेघांवर माझं इंजिनिअरिंग झालं. मेलबर्नमधल्या मित्रांना मात्र मी सांगायचो, "बाबा ऑटोमोटिव्ह डिझाइनमध्ये होते." बायको गालातल्या गालात हसायची. लाज वाटायची असं नाही म्हणत मी. बरं, वाटायची. आता कशाला खोटं बोलू!

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. एअरपोर्टवर सगळे प्रवासी बाहेर आले तरी बाबांचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. तासाभराने आले ते हसतच. बॅगेत लोणचं निघालं, मेतकूट निघालं, त्याचं कुणाला काही नाही. अडलं होतं ते ब्रशवर. लांब केसांचा, रेघा ओढायचा त्यांचा जुना ब्रश. कस्टम्सच्या फॉर्मवर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, खारीचे केस. "तिथली बाई उलटसुलट करून बघत होती रे," बाबा सांगत होते. "मी तिला हातानेच रेघ ओढून दाखवली. मग सोडलं तिने." मी म्हटलं, "अहो, पण इथे ब्रश कशाला आणलात?" तर म्हणाले, "असू दे जवळ."

गॅरेजचं दार वर गेलं आणि त्यांनी गाडी पाहिली. चपला काढून आत गेले, देवळात जावं तसे. एक अख्खी फेरी मारली. बॉनेटवरून हात फिरवला, म्हणाले, "पोरगी देखणी आहे." मी खूश. मग खाली वाकून त्यांनी पट्ट्याच्या कडेला नख लावलं.

"चिकटपट्टी?"

"विनाइल आहे, बाबा. इथे सगळे तेच लावतात."

"असं," ते म्हणाले. बाबांचं 'असं' ज्याने ऐकलंय त्याला पुढचं काही सांगायला नको.

बाबांच्या धंद्याचा एक नियम होता. गाडीचा मालक समोर उभा राहून 'करा' म्हणाला नाही, तोपर्यंत ब्रश रंगात बुडवायचा नाही. ड्रायव्हरने सांगितलं, मालकाच्या भावाने सांगितलं, चालणार नाही. मालकाच्या तोंडून आलं पाहिजे. दिवसदिवस गाडी उभी राहिली तरी चालेल. हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, माझ्या गाडीसाठी. त्यांच्या मते लेकाची गाडी म्हणजे घरचीच गाडी, तिथे कोण कुणाला विचारणार?

ते येऊन तीन आठवडे झाले होते. मंगळवार होता. सकाळी बायकोने तिच्या गाडीतून मला स्टेशनवर सोडलं होतं, त्यामुळे माझी गाडी घरीच होती. मी ऑफिसातून जरा लवकर, आर्व्होला, म्हणजे दुपारीच परतलो. ड्राइव्हवेवर माझी गाडी, तिच्या डाव्या बाजूला न्हाणीघरातल्या स्टुलावर बाबा, शेजारी चिकटपट्टी गरम करून सोडवायला बायकोचा हेअर ड्रायर एक्स्टेन्शन कॉर्डला लावलेला, आणि कचऱ्याच्या डब्यातून बाहेर डोकावणारं माझं विनाइल. दोन महिने नंबर लावून आणलेलं, चुरगाळून गोळा केलेलं. मला तेवढंच दिसलं. गाडीवर काय आहे ते मी बघितलंसुद्धा नाही.

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात ओरडलो मी. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? हा काय टेम्पो आहे तुमचा? माझी गाडी आहे ही, माझी!"

समोरच्या घरातला ऑसी आपली कचऱ्याची बिन आत घेत होता. तो तिथेच थबकला. त्याला शब्द कळले नसतील, सूर कळलाच असणार.

बाबा शांतपणे उठले, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, फडक्याने पुसला, हेअर ड्रायरची वायर नीट गुंडाळली. आत जाता जाता म्हणाले, "बरोबर आहे. मालकाला विचारायला हवं होतं. दुसऱ्या बाजूला आता तू म्हणशील तेव्हाच हात लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना मी तो पट्टा पहिल्यांदा नीट पाहिला. गडद निळ्या गाडीवर सायीच्या रंगाच्या दोन रेघा, एक जाड, तिच्याखाली एक दोऱ्याएवढी बारीक. पुढच्या चाकाच्या वरून निघून दारावरून जात, मागच्या अंगाला गाडी जिथे फुगते तिथे तिच्याबरोबर किंचित वर चढत, आणि टेललाइटजवळ एकमेकींत मिसळून संपणाऱ्या. दोघींमधलं अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच. कुठे जोड नाही, कुठे थांबल्याची खूण नाही. माझं विनाइल गाडीवर चिकटवलेलं दिसायचं. हा पट्टा गाडी घडली तेव्हापासून तिथेच असावा तसा दिसत होता. मी उजव्या बाजूने येऊन स्टिअरिंगवर बसलो आणि गाडी सुरू करायचंच विसरलो. ट्रेन चुकली.

आता कुणीही म्हणेल, मग संध्याकाळी येऊन सांगायचं की, बाबा, चुकलो, सुंदर झालंय, दुसरी बाजूही करा. एवढं सोपं. पण आमच्या घरात बापाला सॉरी म्हणायची पद्धतच नव्हती. दिवसाला पन्नास वेळा अनोळखी माणसांना 'सॉरी मेट' म्हणणारा मी, घरात शिरलो की जीभ टाळूला चिकटायची. मग मी भलतंच करत बसलो. बाबांना समुद्रकिनाऱ्यावर फिरवून आणलं. त्यांच्या आवडीचं बोंबलाचं कालवण इंडियन दुकानातला सुका बोंबील आणून स्वतः केलं. हार्डवेअरच्या दुकानातून तशाच सायीच्या रंगाचा इनॅमलचा डबा आणला आणि गॅरेजच्या फळीवर बरोब्बर त्यांच्या नजरेसमोर ठेवला.

"हा कशाला?" बाबांनी विचारलं.

"असाच. असू दे घरात."

"बरं," बाबा म्हणाले, आणि आत जाऊन भाजी निवडायला बसले.

बायकोचा धीर सुटत चालला होता. "तोंड दिलंय ना देवाने तुला? एक शब्द. 'करा' म्हण. ते नुसती वाट बघतायत!" मी म्हटलं, "त्यांना डबा दिसतोय की." ती म्हणाली, "दोघेही एका माळेचे मणी आहात."

एका रविवारी सकाळी मी बाबांना गाड्यांच्या मेळाव्याला घेऊन गेलो. मोठ्या पार्किंगमध्ये नटवलेल्या गाड्या ओळीने उभ्या, मधे कॉफीचा ट्रक. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ऑसी माझ्या गाडीच्या डाव्या बाजूला चक्क गुडघ्यांवर बसला. पट्ट्याला डोळा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "हे हाताने केलंय. इथे आता कुणी करत नाही. कुणी केलं?" मी म्हटलं, "माय डॅड." त्याने उठून बाबांचा हात हातात घेतला आणि सोडेचना. बाबा लाजले. मग तो फिरून उजवीकडे गेला, विनाइल बघून हसला, "अँड व्हॉट हॅपन्ड हिअर?" बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना तेवढं इंग्रजी कळत होतं. मी म्हटलं, "नो टाइम." बाबांनी मान वळवली आणि शेजारच्या गाडीचं इंजिन बघायला लागले.

असे दोन महिने गेले. लाज वाटते सांगायला, पण गेले.

जायच्या दिवशी सकाळी त्यांची बॅग दाराशी बांधून ठेवलेली पाहिली. ते चहा पीत होते. मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि एका दमात बोलून टाकलं, "बाबा, दुसरी बाजूही करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय आनंद होता तो चेहऱ्यावर! कप तसाच ठेवला, बॅग उघडून ब्रश काढला, बाह्या दुमडल्या, आणि माझ्याआधी गॅरेजमध्ये पोचले. डबा उघडला, रंग ढवळला. गाडीला टेकवण्याआधी ते ब्रश नेहमी गुळगुळीत कागदावर चालवून बघत. तिथे सुपरमार्केटचं कॅटलॉग पडलेलं होतं. त्यावर त्यांनी रेघ ओढली. ती थरथरत गेली. दुसरी ओढली, तीही तशीच. तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघितलं.

"थंडी आहे," बाबा म्हणाले. "तू आत जा. अजून चहा टाक."

मी आत गेलो. अर्ध्या तासाने ते हात पुसत आले आणि म्हणाले, "राहू दे रे. आज केलं तर वाळायला वेळ कुठे आहे? रंगाला दोन दिवस लागतात."

गाडी काही त्यांच्याबरोबर विमानात बसणार नव्हती. ती इथेच गॅरेजमध्ये वाळली असती. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "बरं. पुढच्या वेळी." ते म्हणाले, "हो, पुढच्या वेळी." दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

ते गेल्यावर पुढच्या आठवड्यात मी गॅरेज आवरायला काढलं. फळीच्या मागे एक खोका सापडला, त्यात कॅटलॉगांची चळत. प्रत्येक पानावर रेघा. टोमॅटोच्या आणि साबणाच्या जाहिरातींवरून आडव्या गेलेल्या शेकडो रेघा. पानांच्या कोपऱ्यात बाबांनी तारखा घातल्या होत्या, त्यांची जुनी सवय. सगळ्यात खालचं पान ते आल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. त्यावरच्या रेघा बघवत नव्हत्या, इतक्या वाकड्या. जसजसं वर येत गेलो तसतशा त्या सुधारत होत्या. आम्ही दोघं कामाला गेलो की तीन आठवडे ते रोज इथे बसून हात साधत होते. सगळ्यात वरचं पान सोमवारचं होतं. त्यावरची रेघ सरळ होती, सुरेख. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्यांनी माझ्या गाडीला हात लावला. आणि मी ओरडलो. त्यानंतरचं एकही पान त्या खोक्यात नव्हतं.

मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसून रडलो. बायकोने येऊन बघितलं आणि काही न विचारता शेजारी बसली.

बाबा पुण्यात बहिणीकडे असतात. आता जेवतानाही त्यांचा हात थरथरतो, बहीण त्यांना चमच्याने भरवते. इतका प्रवास त्यांना झेपणार नाही, त्यामुळे पुढची वेळ येणार नाही. हे कळूनही मी फोनवर हवापाणी आणि औषधं यांच्या पलीकडे जात नव्हतो. गेल्या रविवारी मात्र बोललो. खोका सापडल्याचं सांगितलं, आणि म्हटलं, "बाबा, त्या दिवशी माझं चुकलं."

व्हिडिओवर ते फोनच्या आणखी जवळ सरकले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "ते राहू दे रे. मला एक सांग. पट्टा तुला आवडला होता का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मेळाव्यातल्या त्या अनोळखी म्हाताऱ्याने त्यांना ते सांगितलं होतं. मी कधीच सांगितलं नव्हतं.

"आवडला, बाबा. खूप आवडला. दुसऱ्याच दिवशी आवडला होता."

"अरे, मग तेव्हाच नाही का सांगायचंस!" बाबा म्हणाले. "तेव्हा हात चालत होता माझा."