जुन्या फियाटचं बीड

उमरग्याला हायवेच्या कडेला, ट्रक थांबतात त्या रांगेत राजपाल सोनकांबळेचं गॅरेज आहे. पाटी नाही. होती, ती रस्ता रुंद करताना काढली आणि परत लावायची राहून गेली. राजपाल आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. गुडघे गेलेत. गाडीखाली शिरायचं तर आधी एका कुशीवर टेकतो, मग हळूहळू सरकतो. चौकात गाडीला कॉम्प्युटर जोडून दुखणं सांगणारी दोन गॅरेजं झाल्यापासून त्याच्याकडं जुने टेम्पो येतात, कुणाकुणाची ट्रॅक्टरं येतात, आणि कृष्णराजची फियाट येते.

ही फियाट मुळात साधी होती. शहाण्णव साली कृष्णराज बावीस वर्षांचा होता. घरची साठ एकर जमीन, वडिलांची गाडी, आणि ती सगळ्यांपेक्षा जोरात पळावी एवढी एकच इच्छा. त्याचे वडील गॅरेजात कधी पाय ठेवत नसत, बाहेरूनच हॉर्न वाजवत. कृष्णराज मात्र फरशीवर फतकल मारून बसायचा आणि राजपालच्याच कपातला चहा प्यायचा. राजपालच्या हातात कसब होतं. सोलापूरच्या उस्तादानं त्याला एकदाच एक इंजिन उघडून दाखवलं होतं. त्यानं फियाटचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं, थोडं कापून आणलं, मोठा कार्बोरेटर बसवला, आणि धूर बाहेर पडायच्या वाटा गोल कानशीनं घासून घासून रुंद केल्या. हेडातल्या केल्याच, आणि त्याला जोडलेल्या मॅनिफोल्डच्याही केल्या. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा. अकरा दिवस तो घासत होता. त्यानंतर ती गाडी नळदुर्गच्या चढाला भल्याभल्यांना मागं टाकायची.

गेल्या वर्षी कृष्णराजच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी बसून बसून त्याला शेडमधल्या फियाटची आठवण झाली. चालू करायला गेला तर इंजिन फटफट वाजायला लागलं. राजपालनं बॉनेट उघडलं. मॅनिफोल्डला उभी चीर गेली होती. तापून, थंड होऊन, पुन्हा तापून बीड थकलं होतं.

राजपालनं तो उतरवला आणि गुंडाप्पा वेल्डरकडं नेला. गुंडाप्पानं कोळशात तापवून चीर भरली, दिवसभर राखेत पुरून हळू थंड केला. आठ दिवसांत तो भरलेल्या चिरेच्या शेजारी चिरला. पुन्हा भरला, पुन्हा चिरला. तिसऱ्यांदा गुंडाप्पानं तो हातात घेऊन हातोडीनं टिचकी मारली आणि कान लावला.

"ह्यात जीव न्हाय राह्यला," तो म्हणाला. "दुसरा बघा, मिस्त्री."

दुसरा बघायला राजपाल सोलापूरला गेला. एसटीनं जायचं, स्टँडवरून भंगारबाजारापर्यंत चालायचं, गल्ल्यागल्ल्यांतून विचारायचं. दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला एका म्हाताऱ्या दुकानदारानं स्टूल दिलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "फियाट? वो सब कब की भट्टी में गई, भाई." दुसऱ्या खेपेला ते दुकानच बंद होतं. परतताना बसमध्ये त्याला जागा मिळाली नाही. पार येणेगूरपर्यंत तो दांडा धरून उभा राहिला.

मग कृष्णराजनं फोनवरून दिल्लीहून नवा मागवला. खोका आला. तुकडा दिसायला चकचकीत होता, पण वाटा होत्या मूळच्या मापाच्या, अरुंद. राजपालनं बसवून पाहिला. हेडातून धुराची रुंद धार येणार आणि पुढं अरुंद दारावर आपटणार. शिवाय वाटा रुंद केल्यामुळं हेडावर गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ पट्टी, टेकायला कड फार उरली नव्हती. जुन्या मॅनिफोल्डची कड त्यानं त्या मापाला जुळवून घासली होती, या नव्याशी ती जुळेना. दुसऱ्या दिवशी गॅस्केट जळालं. नवा तुकडा घासून रुंद करावा, तर बीड पातळ. अर्ध्या वाटेतच कानस आरपार गेली असती.

"साधं हेड टाकू का दुसरं?" त्यानं कृष्णराजला विचारलं. "बाकीच्या फियाटी पळतात तशी पळंल."

"तशी पळवायची असती तर तुमच्याकडं कशाला आलो असतो तवा?" कृष्णराज म्हणाला. आवाज दुबळा होता. ऑपरेशननंतर तो दोन वाक्यांच्या मध्ये थांबायचा.

राजपाल घरी येऊन बाजेवर पडला. बायको पौर्णिमा अंगणवाडीतून आली होती आणि ज्वारी निवडत होती.

"काय झालं?"

"भोकं म्याच वाढवली. आता त्या मापाचं जगात काय मिळंना."

"मग तुमीच निस्तरा," ती म्हणाली. ज्वारी बाजूला ठेवून तिनं तेलाची बाटली घेतली आणि त्याच्या गुडघ्याला तेल लावायला बसली.

हवं होतं ते जुन्या काळचं, घासलं तरी टिकेल असं जाड बिडाचं. ते कुठं आहे हे एका टेम्पोवाल्यानं सांगितलं. जळकोटला दगडाबाई म्हणून एक म्हातारी राहते, तिच्या अंगणात एक फियाट उभी आहे. तिचा नवरा बलभीम त्या गाडीनं तुळजापूरला भाविकांच्या खेपा करायचा. तो वारल्याला बारा वर्षं झाली.

राजपाल पाने आणि रॉकेलची बाटली पिशवीत घालून गेला. गाडीची चाकं मातीत रुतली होती. काचा नव्हत्या. मागच्या सीटवर कडबा पसरला होता आणि त्यावर दोन कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या. दगडाबाईनं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"न्या की. माझ्या काय कामाचं हाय ते? पर ठोकाठोकी करायची न्हाय. कोंबड्या बसल्यात. एकदा उठल्या की परत बसत न्हाईत."

"आणि गॅसनं तापवलं तर?"

"कडबा हाय आत."

म्हणजे हातोडी नाही, जाळ नाही. बारा वर्षं गंजलेले नट फक्त रॉकेल ओतून आणि थांबून काढायचे. त्यानं रॉकेल ओतलं आणि दगडाबाईच्या ओट्यावर बसून राहिला. तिनं चहा केला. बलभीम किती पॅशिंजर कोंबायचा ते तिनं सांगितलं. एकदा एका खेपेला अकरा माणसं आणि एक बोकड होता म्हणे. दुपारी राजपालनं पाना लावला. एक नट कुरकुरला आणि फिरला. बाकीचे हलले नाहीत. त्यानं पुन्हा रॉकेल ओतलं आणि शेवटच्या बसनं घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दोन नट निघाले. तिसऱ्या दिवशी एक स्टड, म्हणजे नट बसतो ती आट्याची कांडी, मुळातूनच तुटला, पण हेडाच्या बाजूला, म्हणून चाललं. वाकून वाकून त्याच्या डोळ्यांपुढं काळोखी यायची. मग तो मडगार्डाला टेकून उभा राहायचा आणि आतली कोंबडी मान तिरकी करून त्याच्याकडं बघायची. चौथ्या दिवशी तुकडा सुटून हातात आला. जड होता. धूळ पुसून त्यानं बोटानं कड चाचपली. बीड जाड होतं, कुठं चीर नव्हती. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण पुढचं घासायचं काम दिसत होतं. त्यानं तुकडा पिशवीत घातला.

"काय द्यायचं, मावशी?"

"काय नगं. तुमी जिथनं काढलं तिथनं मांजर शिरंल आत. तेवढं बुजवा."

त्यानं इंजिन आणि सीट यांच्यामधल्या पत्र्यातली भोकं पोत्यानं बुजवली, बॉनेट तारेनं आवळून बांधलं आणि मग बस धरली.

घासायला एकवीस दिवस लागले. तरुणपणी तो दिवसभर कानस चालवायचा. आता तासाभरात मनगट धरायचं, मग डाव्या हातानं, मग काहीच नाही. ग्राइंडर लावला तर तो निसटून कड बिघडायची भीती होती, म्हणून शेवटचं सगळं हातानंच. हेडाच्या मापाचा पुठ्ठा कापून तो दर थोड्या वेळानं लावून बघायचा. अजून थोडं. अजून थोडं. मध्ये तीन दिवस त्यानं कामाला हातच लावला नाही. बाकावर बसून रस्त्यावरचे ट्रक बघत राहिला. कृष्णराजचा फोन आला तरी उचलला नाही. चौथ्या दिवशी पौर्णिमानं जेवणाचा डबा आणला, पुठ्ठा उचलून मॅनिफोल्डवर ठेवला आणि म्हणाली, "ह्या कडंला उरलंय." खरंच उरलं होतं. त्यानं कानस उचलली.

मॅनिफोल्ड बसला तेव्हा गॅस्केटची कड सगळीकडून सारखी टेकली. इंजिन एका झटक्यात चालू झालं. फटफट नव्हती. खालून येणारा तो भरीव, घोगरा आवाज होता, एकोणतीस वर्षांपूर्वीचा.

कृष्णराज दुपारी आला. नोकरानं त्याला दुसऱ्या गाडीतून हात धरून उतरवलं. तो बराच वेळ बॉनेटपाशी उभा राहून ऐकत होता.

"चालवता?" राजपालनं विचारलं.

"डॉक्टरनं मनाई केलीय. तुमीच चालवा, मी बसतो."

राजपालनं स्टेअरिंगजवळचा गिअर टाकला आणि गाडी सोलापूरच्या दिशेनं हायवेला काढली. क्लच दाबला की गुडघ्यात कळ यायची. गाव मागं पडल्यावर कृष्णराज म्हणाला, "जरा दाबा की, मिस्त्री." राजपालनं दाबला. तिसऱ्या गिअरला गाडीनं पूर्वीसारखी ओढ घेतली. एक भरलेला ट्रक मागं पडला, मग दुसरा. राजपालला क्षणभर बरं वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं बाजूला बघितलं तर कृष्णराजचं डोकं खिडकीला टेकलं होतं. तोंड किंचित उघडं होतं आणि तो झोपला होता. त्याच्या शर्टाच्या वरच्या बटणाखाली ऑपरेशनची खूण दिसत होती.

राजपालनं वेग कमी केला. येणेगूरच्या पुढं वळायला जागा मिळाली तिथं वळला आणि चाळीसच्या वेगानं परत आला. मागचे लोक हॉर्न वाजवून पुढं जात होते.

गॅरेजपाशी गाडी थांबली तसा कृष्णराज जागा झाला.

"पोचलो? कशी पळाली?"

"लई चांगली पळाली."

"पुढल्या महिन्यात परत जाऊ. आणि ते गॅस्केट काय, बाकीचं काय, बघून ठेवा."

"भाऊ, ह्याच्या पुढं दुसरा मिस्त्री बघा. माझ्यानं होत न्हाय आता."

कृष्णराजनं त्याच्याकडं बघितलं. "दुसरा कोण हाय ह्या कामाला?"

कुणाचं नाव येतं का ते राजपालनं खरोखर आठवून पाहिलं. मग म्हणाला, "मला बी ठाव न्हाय."

कृष्णराज गेल्यावर त्यानं हात रॉकेलनं धुतले, पाने पुसून खोक्यात ठेवले आणि शटर ओढलं. ऊन अजून कडक होतं. एक टेम्पोवाला थांबून म्हणाला, "बंद केलं व्हय, मिस्त्री?" राजपाल "उद्या ये" म्हणाला आणि घराकडं चालायला लागला. पौर्णिमा अजून आली नव्हती. चहा करावा म्हणून त्यानं भांडं काढलं, मग तसंच ठेवलं आणि बाजेवर आडवा झाला.