पाण्याला भिणारा तारी

आमच्या खाडीवरचा तारी पाण्याला भीत असे. थट्टा नाही करत. ज्याच्या होडीतून बाजारच्या पाट्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं इकडचं तिकडे होई, त्या माणसाचे हात होडी काठावरून ढकलताना लटलट कापत. टवाळ मंडळी त्याला 'भियाळो तारी' म्हणत आणि तरीही निमूट त्याच्याच होडीत बसत. मी त्याला तारीमामा म्हणायचे, कारण तो पलीकडच्या गावचा, म्हणजे माझ्या आईच्या माहेरचा. आई मात्र त्याला काहीच म्हणत नसे. त्याचा विषय निघाला की ती उठून आत जाई.

भीती लपवायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. रोज सकाळी तो होडीच्या बुडाला, पोराचा ताप बघावा तसा हात लावून बघे. मग वाऱ्याकडे तोंड करून उभा राही, आणि खाडीच्या मुखाशी पाणी पांढरं दिसलं की वल्ही काढून सरळ खांद्यावर घेई. एकदा मालवणच्या कोर्टात सुनावणी असलेले एक गृहस्थ त्याच्यावर जाम उखडले. तारीमामा हात जोडून म्हणाला, "कोर्ट उद्यापण आसतला. तुमी आसतल्यात काय?" गृहस्थ शिव्या घालत माघारी गेले आणि वारा पडल्यावर मुकाट्याने परत आले.

तो जन्माचा भित्रा नव्हता. मी चार वर्षांची असताना आईच्या माहेरी देवीची जत्रा होती. जत्रेला जाताना आमच्याकडची माणसं शहाणपण घरी ठेवून निघतात. ओटी भरायला उशीर नको म्हणून पहिल्याच खेपेला जो तो होडीत घुसला. होडी काठोकाठ भरली. तारीमामाला ते दिसत होतं, पण तो हसत म्हणाला, "बसा, बसा. देवीचीच माणसा, देवी सांभाळतली." भर खाडीत होडी कलंडली. आईच्या मांडीवर माझा भाऊ बाळू होता. मी तापाने फणफणले होते म्हणून बाबांबरोबर घरी राहिले होते. तारीमामाने आईला केसांना धरून वर ओढलं. बाळू त्याच्या हाताला लागला नाही.

शुद्धीवर आल्यावर आई त्याला एवढंच म्हणाली, "बाळूक सोडून माका कित्याक काढलंस?" त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही आणि खाडीही तिने ओलांडली नाही. माहेर समोरच, तिथल्या चुलींचा धूर आमच्या अंगणातून दिसे. पण आईला तिकडे पाठ करून बसायची सवय लागली. आजीच अधूनमधून लांबच्या रस्त्याने एस.टी.ने लेकीला भेटायला यायची.

तारीमामाने होडी सोडली आणि देऊळही सोडलं. तो माडांच्या बागेत मजुरीला जाई. विहिरीत वाकून बघायलाही तो घाबरतो, असं लोक सांगत. देवीवर त्याचा राग होता आणि स्वतःवर त्याहून जास्त. अशी काही वर्षं गेली. मग एका जत्रेला नवा तारी तशीच माणसं कोंबत होता. तारीमामा काठावरून ओरडला, "उतरा रे, उतरा!" कोण ऐकतो! "देवी सांभाळतली," असं लोकांनी त्यालाच सुनावलं. तेव्हा पाण्याच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा हा माणूस कमरेभर पाण्यात शिरला, पाच-सहा जणांना दंडाला धरून खाली उतरवून स्वतः वल्ह्यांवर बसला. नंतर कुणी विचारलं की म्हणे, "काठार रवान सांगलेला कोण आयकणा नाय."

त्याच संध्याकाळी तो देवळात गेला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते मोठ्याने, चार माणसांदेखत. त्याचं गाऱ्हाणं आजीने ऐकलं होतं. "आये, तू सांभाळतंस ता खरा. पण जास्तीची माणसा उतरवची, ता माझा काम. तेवढा बळ माका दी." तेव्हापासून तो देवीला रोज फूल वाही आणि रोज भीत भीत होडी पाण्यात घाली.

मी पंधरा वर्षांची झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गणपती नुकतेच गेले होते. एका सकाळी तारीमामा आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. पायरी चढला नाही. आजीचा शेवट जवळ आला होता; तो खालूनच आईला म्हणाला, "बाय, आवस तुझी हाक मारता. आज इलंस तर भेटतली." पावसाने वरचा रस्ता वाहून गेला होता आणि एस.टी. बंद होती. होडीशिवाय वाट नव्हती. आई चौकट धरून खाडीकडे बघत राहिली. ती नाही म्हणेल आणि आजी तिची वाट बघत जाईल, अशी मला धास्ती होती. शेवटी ती म्हणाली, "माका भय वाटता."

"माका पण वाटता," तारीमामा म्हणाला. "तू भिवन बस, मी भिवन वल्हयतंय. तसा पण पोचाक येता."

होडीत आम्ही तिघंच होतो. वारा सुटलेला, पाणी तांबडं आणि फुगलेलं. आईने माझं मनगट इतकं आवळलं की तिच्या बांगड्या मला रुतल्या. मी देवीचा धावा करत होते, पण डोळे तारीमामावरच होते. त्याचे ओठ पुटपुटत होते, हात कापत होते, तरी वल्ही बरोबर पडत होती. मध्यावर आल्यावर आई एकदम म्हणाली, "खंय?"

कशाबद्दल ते त्याला सांगावं लागलं नाही. मध्ये कधीही न थांबणाऱ्या त्या माणसाने वल्ही रोवून होडी धरली आणि मानेने दाखवलं. "हय. बाय, मी परत परत बुडी मारलंय गो. माका तो गावलो नाय." आणि तो ढसाढसा रडू लागला. होडी आडवी व्हायला लागली. मला वाटलं, संपलं आता. आईने वाकून हात पाण्यात घातला, बाळूचं तोंड पुसावं तसा पाण्यावरून फिरवला आणि त्याच ओल्या हाताने आपले डोळे पुसले. "चल, दादा," ती म्हणाली. "आवस वाट बघता."

आजी भेटली. आईच्या मांडीवर डोकं ठेवूनच ती दोन दिवसांनी गेली. पुढे आई माहेरी जाऊ-येऊ लागली. भीती गेली म्हणाल, तर नाही. दर खेपेला ती माझं नाहीतर शेजारणीचं मनगट धरायची आणि देवीचं नाव घ्यायची. पण जायची.

काही वर्षांनी तारीमामा घरीच, अंथरुणात, तापाने गेला. पाण्याने त्याला नेलं नाही याचं मला आजही बरं वाटतं. निरोप आला तेव्हा आई देवापुढे वात लावत होती. तिने काडी विझवली, विहिरीवर गेली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. माहेरचं माणूस गेलं की सासरी गेलेल्या मुलीला तीन दिवस सुतक असतं. पण ते रक्ताच्या माणसाचं. बाबा गोंधळले. "अगो, तो तुझ्या भावकीतलो नाय. तुका सुतक कसला?"

आई निथळत दारात उभी होती. "माझो भाव गेलो," ती म्हणाली. "तीन दिवस देवाची पूजा तुमीच करा."