जिजीचा पाव्हना

जिजी कशालाच लगेच मेलेलं मानायची नाही. कोंबडीचं पिल्लू पावसात भिजून आडवं पडो की शेळीचं करडू जन्मताच गार पडो, ती आधी उचलून पदरात घ्यायची. लोक म्हणायचे टाकून दे. ती म्हणायची, "गार पडनं म्हनीसन मरनं अस नही. आधी ऊब द्या, मंग बोला." मग ते पोटाशी धरून चुलीपुढं बसायची. पुष्कळदा ते मेलेलंच असायचं. मग ती गप उठून खड्डा खणायची. पण कधी कधी पदर हलायचा. हलला तरी ती कोणाकडं बघायची नाही, मी सांगत होते ना असंही म्हणायची नाही. फक्त कोमट दूध मागायची.

जिजी म्हणजे माझी बायको. नाव दुसरं होतं, पण पोरगी जिजी म्हणायला लागली, मग गल्ली, मग मीसुद्धा. नरडाण्याकडच्या खेड्यातली. मी धुळ्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायला होतो, म्हणून ती तिथल्याच देवपुरात आली आणि राहिली. बोली मात्र तिनं बदलली नाही. शेजारची मास्तरीण शुद्ध बोलायची, ही अहिराणी बोलायची, आणि ओट्यावर बसून दोघींचं चांगलं जमायचं. मला शुद्ध बोलायला तिनं कधी अडवलं नाही. एवढंच म्हणायची की तुम्ही असे बोलता तेव्हा मला वाटतं वसुलीवाला आला.

तिच्या शेवटच्या काळात आमच्या घरी उंदीर आला. उंदीर म्हटलं की नात चिडते, म्हणून नीट सांगतो. त्याला हॅमस्टर म्हणतात, आणि हा त्यातला बुटक्या जातीचा. लिंबाएवढा जीव. रंग राखेसारखा, पाठीवर एक काळी रेघ, डोळे करडईच्या तेलात बुडवून काढल्यासारखे चकचकीत. नात ऋतू जळगावला माझ्या मुलीकडं असते. ती पुण्याला शिकायला निघाली. तिथं होस्टेलमध्ये जनावर चालत नाही, आणि तिच्या आईला त्याची किळस. मग पोरगी पिंजरा मांडीवर घेऊन जळगावहून एसटीनं धुळ्याला आली. सुट्टीत घेऊन जाईन म्हणाली. त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते जिजीच्या तोंडात बसेना. ती म्हणाली, "चार दिन ऱ्हाई नि जाई, म्हंजे पाव्हनाच शे." तेच नाव पडलं.

मला ते पसंत नव्हतं. जिनिंगमध्ये आम्ही उंदीर काठीनं मारायचो, बारदानं कुरतडायचे म्हणून. आमच्या शेजारी नाना राहतात, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. रोज सकाळी आपला पेपर घेऊन वाचायला आमच्याकडं यायचे. पिंजरा बघून ते म्हणाले, "आबा, बठ्ठं गाव उंदरेसले औषध ठेवस, नि तुमना घरमा उंदीरले ताट वाढतस." जिजी आतून म्हणाली, "तुम्हले बी वाढतस ना आम्ही, नाना." नानांनी चहा घेतला आणि पेपर उलटा धरला.

पहिली चूक कापसाची झाली. आमच्या घरात कशावरही पहिला उपाय कापूसच. कान दुखला कापूस, जखमेला कापूस, देवाला कापूस, पोराच्या उशीला कापूस. गारवा सुरू झाला तशी तिनं सरकी काढून, बोटांनी पिंजून, सशासारखा मऊ कापूस पाव्हन्याला अंथरला. तो त्यात घुसला, आम्हाला बरं वाटलं. दोन-तीन दिवसांत त्याचा मागचा पाय धाग्यात गुंडाळला जाऊन सुजला. जिजीनं चष्मा लावला, त्याला मुठीत धरलं आणि नखं कापायच्या छोट्या कात्रीनं एकेक तंतू सोडवला. तो कडाडून चावला. तिच्या बोटातून रक्त आलं, पण मूठ सैल झाली नाही. पाय मोकळा झाल्यावर बोट तोंडात घालून म्हणाली, "चावस, म्हंजे जीव शे."

ऋतू फोनवर रागावली. कापूस बिलकुल नाही, कागद फाडून घालायचे. जिजीला ते लागलं. ज्या कापसावर सगळं घर चाललं तो या एवढ्याशा जिवाला बाधतो, हे तिला पटेना. पण ऐकलं तिनं. रोज दुपारी नानांचा वाचून झालेला पेपर बारीक फाडत बसायची. आणि थंडी पडली की पिंजऱ्यावर आपल्या जुन्या पातळाचा अर्धा तुकडा पांघरायची. निळं होतं ते, बारीक फुलांचं. तो तुकडा फक्त त्याचा.

पाण्यानं आंघोळ घालायची नाही, तो वाळूत लोळतो, असंही ऋतूनं सांगितलं होतं. दुकानात त्याची वाळू पुडीत मिळते. जिजी म्हणाली, पांझरा काय आटली का? नदीकाठची वाळू पिशवीत आणली, पिठाच्या चाळणीनं चाळली, लाह्यांच्या कढईत भाजली, निववली, आणि हाताच्या पालथ्या बाजूला लावून बघितली, तान्ह्या पोराचं पाणी बघतात तशी. मग बशीत घालून आत ठेवली. पाव्हना त्यात असा लोळला की आम्ही दोघं हसलो. उन्हाळ्यात हीच बाई माठाचं फुटकं खापर ओलं करून पिंजऱ्यात ठेवायची. तो त्यावर पोट टेकून पसरायचा आणि आम्ही पंख्याखाली घाम पुसत त्याच्याकडं बघायचो.

त्याला हातावर घ्यायची तिची रीत होती. वरून हात घालायचा नाही, वरून आलेला हात त्याला घार वाटतो, असं ती म्हणायची. दिवेलागणीला पाट घेऊन पिंजऱ्यापुढं बसायची. दार उघडून तळहात आत टेकवायचा, त्यावर बाजरीचे दाणे. आणि "पाव्हना, उठना का?" म्हणून वाट बघायची. हात हलू द्यायची नाही. चुलीवर वरण करपलं तरी नाही. मी बाजेवरून ओरडायचो की करपलं, ती मान हलवायची फक्त. आधी तो लांबूनच वास घ्यायचा. मग दाणा उचलून पळायचा. मग हातावरच बसून गालात दाणे भरायला लागला. एके संध्याकाळी तो मनगटावरून कोपरापर्यंत चढला. तिनं मला हळूच हाक मारली. मी चपला फटफटवत गेलो, तो पळाला. त्या रात्री जेवताना ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र गरम वाढली.

सुट्ट्या आल्या आणि गेल्या. ऋतू दर वेळी यायची, त्याला खेळवायची, आणि न नेता जायची. जिजीच नेऊ देत नव्हती. पाव्हन्याला प्रवास सोसणार नाही म्हणायची.

हिवाळा नुकताच लागला होता तेव्हा ती गेली. आजारी नव्हती. सकाळी चहाचं आधण ठेवलं, जरा पडते म्हणाली, आणि पडली ती पडलीच. डॉक्टर आले, नाडी बघितली, छातीला नळी लावली, हृदय बंद पडलं म्हणाले. गल्ली जमली. मी तिच्या पायाशी बसून तळवे चोळत होतो. तिच्याच रीतीनं. कोणीतरी अंगणात तीन दगड मांडून वर पातेलं ठेवलं. मला वाटलं, तिला शेकायला पाणी तापवताहेत. मी म्हणालोसुद्धा, लवकर आणा. बायका रडायला लागल्या तेव्हा मला कळलं की ते पाणी कशाचं. तरी मी चोळत होतो. मग नाना खाली बसले, माझी दोन्ही मनगटं धरली आणि म्हणाले, "आबा, आते हात काढा."

मी काढले.

दिवस झाल्यावर भावकीतल्या बायकांनी तिचे कपडे बांधले आणि देऊन टाकले. गेलेल्या माणसाचं वापरातलं घरात ठेवत नाहीत. पिंजऱ्यावरचा निळा तुकडाही त्या गाठोड्यात गेला. त्यांचं चुकलं नाही, पातळ तिचंच होतं. मुलगी म्हणाली, पाव्हन्याला आता एखाद्या दुकानात देऊ, तुमच्याच्यानं होणार नाही. मी म्हटलं, राहू दे. जिजीनं सांभाळलेलं एवढंच एक माझ्याजवळ जिवंत उरलं होतं. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

दाणे, पाणी, कागद, वाळू, सगळं मी करायला लागलो. दिवेलागणीला तिच्या पाटावर बसवेना, म्हणून मी पाट मागं भिंतीशी सरकवला आणि स्वतः जमिनीवर बसलो. हात आत टेकवला. पाव्हना बाहेर आला, दोन पायांवर उभा राहिला, मिशा हलवल्या. पण माझ्या हाताकडं आला नाही. माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिला. मागं तो पाट. मी वळून बघितलं, कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तसंच. कधी चाकात पळता पळता तो एकदम थांबायचा, जिजीनं हाक मारली की थांबायचा तसा, आणि मग तिकडंच बघायचा. हाक मला ऐकू आलेली नसायची. माझ्या पाठीवर काटा यायचा, आणि मी दर वेळी वळायचो.

मग धुळ्याला जबर थंडी पडली. सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नव्हता. मी पिंजऱ्यात बघितलं तर पाव्हना कागदात मुटकुळं करून पडलेला. बोट लावलं, गार. उचलला, तर सुपारीसारखा कडक. पाय आखडलेले, श्वास दिसेना.

नाना पेपर घेऊन आले होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "गया बिचारा. जिजीनाच मांगे गया." माझ्याच्यानं होईना म्हणून अंगणातल्या शेवग्याखाली त्यांनीच खुरप्यानं खड्डा केला, मूठभर. मी त्याला ओंजळीत घेऊन उभा होतो. नाना खाली बसल्या बसल्या वर बघून हळू आवाजात म्हणाले, "आबा, आते ठेवा."

तोच आवाज. तीच बसायची तऱ्हा. माझे हात वाकेनात.

मी म्हटलं, "आधी ऊब."

 मी ओट्यावर उन्हात बसलो, बंडीची गुंडी काढली, त्याला छातीशी धरला आणि वरून दोन्ही हात ठेवले. नाना समोर खुरपं हातात घेऊन बसून राहिले. मास्तरणीनं चहा आणून दिला, तो गार झाला. ऊन ओट्यावर सरकत गेलं, तसा मीही सरकत गेलो. मनात म्हणत होतो की हा मेलेला आहे, मी वेड्यासारखा बसलोय, आता उठावं. जिजी किती वेळ बसायची ते मला आठवेना. कधी उठायचं हे तिला कसं कळायचं, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मग छातीला मिशी लागली. मला वाटलं घाम. मग पाय हलला, कापसात अडकला होता तोच. मग सगळं अंग थरथरायला लागलं, आणि त्यानं मला चावा घेतला, चांगला रक्त येईपर्यंत.

"चावस," मी म्हटलं. हात काढले नाहीत.

नानांनी पायानं माती लोटून खड्डा बुजवला आणि माझ्याकडं न बघता घरी गेले. पेपर तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी आले ते कालचा पेपर न मागता बसले. मग म्हणाले, "आबा, त्या दिन डॉक्टरनी नीट पाह्यं व्हतं ना?"

"पाह्यं व्हतं."

"मंग."

"मंग काही नही, नाना."

ऋतूला फोन केला. तिनं समजावलं की फार थंडी पडली की हे जनावर असं गाढ झोपतं, मेल्यासारखं, आणि ऊब मिळाली की उठतं. मग म्हणाली, "आबा, माणसाचं तसं नसतं." मी तिला विचारलं नव्हतं. मला कळतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण एवढं कळतं. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, नानांनी वाईट केलं नाही. तरी आंघोळीचं पाणी तापत ठेवलं की ती गेली त्या सकाळचं अंगण समोर येतं. त्या दिवशी नानांनी माझी मनगटं धरली तेव्हा तिचे तळवे गार होते, की माझेच हात, हे मला अजून सांगता येत नाही.

आता पिंजऱ्यावर माझं जुनं धोतर असतं. पाव्हना म्हातारा झालाय, चाकात थोडंच पळतो. ही जात फार वर्षं जगत नाही म्हणतात. किती, ते मी ऋतूला विचारत नाही. दिवेलागणीला हात आत टेकवतो आणि "पाव्हना, उठना का?" म्हणतो. आता तो येतो हातावर. गाल भरतो. मग दोन पायांवर उभा राहून माझ्या खांद्यावरून मागं बघतो, पाटाकडं, बराच वेळ. मी आता वळत नाही. सकाळीच त्या पाटावर माझी घोंगडी घडी घालून ठेवलेली असते. तिथं कोणी बसत असलं, तर गार लाकडावर बसायला नको.