फ्रीझरमधलं पेन

वर्ल्ड कपच्या तयारीसाठी सगळं दोहा खणून ठेवलं होतं आणि आमचे हे स्टेडियमच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर होते. पाळी गेल्यावर माझी हाडं ठिसूळ झाली, म्हणून डॉक्टरांनी रोज मांडीत टोचायचं औषधाचं पेन दिलं. पहिल्या दिवशी ह्यांनी हॉलमध्ये साइटवरची धोक्याची पिवळी-काळी पट्टी बांधली, हेल्मेट घातलं, मला साइटवरच्याच सुरक्षेच्या सूचना वाचून दाखवल्या आणि पेन चक्क फ्रीझरमधून काढलं.

“अहो, इथे कशाला ठेवलंत?”

“अगं, बाहेर पंचेचाळीस डिग्री! जितकं थंड तितकं सेफ. आता मटारासारखं पाण्यात सोडू, खलास!”

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. सोबतचा कागद शब्दन् शब्द वाचला होता. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं; गोठलं तर टाकून द्यायचं.

“हाडं माझी आहेत,” मी म्हटलं आणि फार्मसीला फोन लावला. फार्मासिस्टनेही तेच सांगितलं.

संध्याकाळी नवी चिठ्ठी, नवं पेन आलं. सुरुवातीला चक्कर येऊ शकते, म्हणून मी खुर्चीत बसून टोचलं. मला काहीच झालं नाही. सुई बघून हेच भिंतीला टेकले, तेव्हा उठून त्यांना खुर्ची दिली.