साहेबाचं वाक्य आणि दुकानदाराचे बूट

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. वडशाच्या कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी घेतलं, त्याच वर्षी गावच्या नाटकात बाबांना इंग्रज साहेबाचं काम मिळायची आशा लागली. तोवर बाबांनी दर हिवाळ्यात शिपाईच केला होता. शिपायाला बोलायला काही नसतं. साहेब नेहमी किराणा दुकानदार व्हायचा, कारण गुडघ्यापर्यंतचे बूट गावात त्याच्याकडेच होते. यंदा मात्र दिग्दर्शक वडशाहून आणलेला. त्याने साहेबाच्या तोंडी एक इंग्रजी वाक्य घातलं आणि सांगून टाकलं, रविवारच्या तालमीत जो हे नीट म्हणेल, तो साहेब.

वाक्य असं : ‘द ओल्ड टायगर विल बी शॉट बाय माय मेन बिफोर मॉर्निंग.’ म्हणजे माझी माणसं म्हाताऱ्या वाघाला सकाळच्या आत गोळी घालतील.

बाबा दम लागेल तिथे थांबायचे. “द ओल्ड. टायगर विल. बी शॉट बाय माय.”

आई म्हणाली, “वाघ हसूनच मरंल. गोळी कायले पाह्यजे?”

त्याच आठवड्यात कॉलेजात सर फ्रेज शिकवत होते. वाक्यात शब्दांचे गट असतात, आणि गट हलवायचा तर अख्खा हलवावा लागतो. मला अर्धंच कळलं, पण तेवढं घेऊन मी घरी आले. धानाची कापणी चालू होती. मी म्हटलं, “बाबा, हे चार भारे हायेत. भारा अख्खा उचलाचा. मधातून काडी उपसाची नाई.”

“असं आधी सांगाव ना माय,” बाबा म्हणाले.

चार भाऱ्यांना आम्ही चार खुणा लावल्या. ‘द ओल्ड टायगर’ला टोपीला हात, ‘विल बी शॉट’ला काठी आपटायची, ‘बाय माय मेन’ला मिशीला पीळ आणि ‘बिफोर मॉर्निंग’ला मनगटावरचं घड्याळ. बाबा धानाच्या बांधीत, जेवताना, बैलांमागे हेच करत सुटले. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, “भाऊच्या अंगात येते काय वं?” बैलांनाही पाठ झालं. ‘विल बी शॉट’ म्हटलं की ते चालायला लागायचे, काठीची गरजच उरली नाही.

रविवारी दुकानदार बूट घालूनच समोर येऊन बसला. ते बूट पाहून बाबा घाबरले आणि हात टोपीऐवजी घड्याळावर गेला. “बिफोर मॉर्निंग,” बाबा बोलून गेले. मी डोळे मिटले. पण मग टोपी, काठी, मिशी. एक काडी सुटली नाही.

“मागचं समोर आलं ना भाऊ,” दिग्दर्शक म्हणाला.

मी उभी राहिले. “चालते सर. तो भारा समोर आणला तरी वाक्य मोडत नाई.” हे मलाही तिथेच, बोलता बोलता कळलं.

दिग्दर्शकाने विचार केला. “वाघ सकाळच्या आत मरते ना? मंग झालं.”

“मंग मीबी उलटं म्हणतो,” दुकानदार उठला. “मेन माय बाय टायगर ओल्ड द!”

दिग्दर्शक हसता हसता खुर्चीवरून घसरला.

बाबा साहेब झाले. बूट मात्र दुकानदार घरी घेऊन गेला, आणि साहेब रबरी चपलेत कसा उभा राहणार? दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन दुकानात गेले. साखर तोलता तोलता दुकानदार म्हणाला, “बूट देतो. पर मले एक भारा पाह्यजे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात एकेक भारा काढून पाहिला. टायगर काढला तर मारायचं कोणाला? शॉट काढला तर वाघ जिवंत. ‘माय मेन’वर बाबांचा जीव, मिशीमुळे. “बिफोर मॉर्निंग द्या,” मी म्हणाले. “तो गेला तरी वाक्य उभं राह्यते.”

नाटकात बाबा तीन भारे म्हणून थांबले. मागे उभ्या शिपायाने, म्हणजे दुकानदाराने, असं काही ‘बिफोर मॉर्निंग’ ठोकलं की शिट्ट्या वाजल्या आणि वन्समोर मिळाला.

घरी आल्यावर मी आणि आई एकेक बूट ओढत होतो. बाबा म्हणाले, “शिपायाले बोलाले भेटलं, हे बरं झालं.” मग दुसरा बूट निघाला तसं, “पर माय, तू बिनकामाचा भारा समजून देला, अन् वन्समोर त्यालेच भेटला.”