घमापुरचा पत्ता

आईला आता अक्षरं दिसत नाहीत, म्हणून रोज दुपारी मी तिला वाचून दाखवते. तिला रहस्यकथाच लागतात. परवा हाताला लागलेली कादंबरी नेमकी एका हरवलेल्या मुलीची निघाली. मी ती बाजूला ठेवायला गेले, तर आई म्हणाली, "काहून? वाच की."

माझी धाकटी बहीण सहा वर्षांची असताना दसऱ्याच्या गर्दीत, सराफा बाजारात, आमच्या हातून सुटली आणि परत मिळाली नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

कादंबरीतलं कुटुंब मुलगी गेल्यावर रीतसर मोडतं. बाप दारू प्यायला लागतो, आई मुलीच्या खोलीला कुलूप लावते. हे ऐकून आमची आई म्हणाली, "अच्छा, खोली बंद करून राहिले! जास्तीची असंल त्यांच्याकडे." दीक्षितपुऱ्यात आमच्या दोनच खोल्या होत्या. बहिणीच्या अंथरुणाच्या जागी महिन्याभरात गव्हाची कोठी आली. आमच्यात मोडलं कुणीच नाही, फक्त आम्ही तिथून हललो नाही. बाबा बँकेत होते. बदलीबरोबर आलेली प्रत्येक बढती त्यांनी नाकारली, आणि दर रविवारी सकाळी ते घमापुरला जात राहिले.

घमापुरला, शहराच्याच दुसऱ्या भागात, आमचं जुनं भाड्याचं घर होतं. दसऱ्याच्या महिनाभर आधी ते सोडून आम्ही दीक्षितपुऱ्यात आलो होतो. बहिणीला तिथला पत्ता पाढ्यासारखा पाठ होता. नवा पत्ता तिच्याकडून घोकून घ्यायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि मी चक्क टंगळमंगळ केली. एक दिवससुद्धा तिला घेऊन बसले नाही. ती हरवल्यावर बाबांनी विचारलं, "शिकवला होतास?" मी नाही म्हटलं. ते रागावले नाहीत. चपला घातल्या आणि घमापुरला निघाले. कुणी भला माणूस तिला पोचवायला निघालाच, तर ती जुनाच पत्ता सांगणार, एवढी साधी गोष्ट होती. पुढे पुढे तिथल्या भाडेकरूंना काही विचारायचीही गरज उरली नाही. बाबा दिसले की दारातूनच आवाज यायचा, "नहीं अंकलजी, कोई नहीं आया." बाबा वारले, त्याच्या आदल्या रविवारीही ते जाऊन आले होते. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. का, ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही.

कादंबरीतला गुप्तहेर फार हुशार होता, म्हणजे लेखकानं त्याला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या प्रकरणात तो मुलीच्या आईला विचारतो, "तिला घरचा पत्ता येत होता?" मी तिथं थांबले. पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आई, नवा पत्ता मी शिकवायचा होता. मी शिकवला नाही, म्हणून ती आली नाही."

 आई म्हणाली, "येत होता तिला. तू खेळत राहायचीस, तं मीच शिकवला, पोळ्या करता करता. दीक्षितपुरा म्हणता यायचं नाही. दिच्छितपुरा, दिच्छितपुरा म्हणायची. बाकी सगळं बरोबर."

"मग बाबांना सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं ते घमापुरला काहून गेले असते?"

"आणि मी?"

"तू लहान होतीस. वाटलं, विसरशील."

मला संताप आला. इतकी वर्षं मी उगाच जळत राहिले, आणि एका वाक्यात सुटले असते. पण सुटल्यावर जे वाटायला हवं, ते काही वाटलं नाही. जोवर चूक माझी होती, तोवर माझी बहीण कुठेतरी घमापुरचा पत्ता सांगत फिरत होती.