शकुंतलाबाई आणि सासूची चूल

शकुंतलाबाई कोणाच्याही घरात शिरल्या की थेट स्वयंपाकघरात जात आणि मान वर करून छताकडे पाहत. घरधनी बाहेर सतरंजी झटकून "या, बसा" म्हणत राहायचा आणि बाई आत कवेलूखालच्या मयालीवरून, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडावरून, बोट फिरवून काजळी तपासत असायच्या. मग ते काळं बोट घरातल्या सगळ्यांना दाखवत बाहेर यायच्या. पाणीबिणी नंतर.

माझ्या मुलीच्या बारशाला त्या नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी आल्या, तेव्हाही वेगळं काही घडलं नाही. पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या. बाईंनी हातातलं झबलं-टोपडं माझ्या हाती कोंबलं आणि त्या आत गेल्या. आमच्याकडे तेव्हा कोळशाची शेगडी होती. गॅससाठी नंबर लावून बसलो होतो. बाईंनी छत पाहिलं आणि लाडू वळत असलेल्या माझ्या आईला म्हणाल्या, "माय, छत पाहा बरं तुमचं. तुमची छातीबी आतून अशीच झाली असन."

बारशाच्या दिवशी! आईने लाडू तसाच परातीत टाकला. पाहुणे गेल्यावर तिने मला बजावलं, "ही बाई पुन्हा या घरात दिसायला नको." मी मान डोलावली. माझीही तीच इच्छा होती. पण मला ती रोज दिसायची. ती माझ्या हाताखाली ग्रामसेविका होती आणि मी विस्तार अधिकारी होतो. हाताखाली म्हणायचं ते कागदावर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. निर्धूर चुलींसाठी सरकारी अनुदान सुरू झालं होतं. दोन तोंडांची मातीची चूल आणि धूर छपराबाहेर नेणारं सिमेंटचं नळकांडं. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. माती, विटा आणि थोडी वर्गणी घरच्यांची. सरपण जवळजवळ निम्मं लागेल, जंगल वाचेल, बायकांचे डोळे वाचतील, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. कुही तालुक्यातली धानाची गावं आमच्या वाट्याला आली होती. गावागणिक चुलींचा आकडा ठरलेला आणि तो मार्चअखेर पुरा व्हायलाच हवा. नाही तर उरलेलं अनुदान परत.

यात अवघड असं काही नव्हतं. गवंडी न्यायचा, चूल बांधायची, पुढचं घर गाठायचं. इतर सगळीकडे असंच चाललं होतं. फक्त शकुंतलाबाईंना ते जमत नव्हतं. चूल बांधून वाळली की त्या पुन्हा त्या घरी जायच्या आणि घरातली सर्वांत म्हातारी बाई त्या चुलीवर भात शिजवेपर्यंत हलायच्या नाहीत. भात झाला की स्वतः खाऊन पाहायच्या. तोवर शेवटची एस.टी. निघून गेलेली असायची आणि त्यांच्यासोबत मीही पारावर अडकलेलो असायचो.

"बाई, चूल झाली. आपलं काम संपलं," मी म्हणायचो.

"सरकार पैसा देते साहेब, पण भात काही सरकार खात नाही. ज्याले खाचा हाय त्याले आवडाले पायजे नं!"

शिवाय त्यांची चालण्याची एक तऱ्हा होती. चालताना झपाझप चालायच्या. पण काही सांगायचं असलं की वाटेतच थांबायच्या. आणि सांगायचं तर त्यांना सतत असायचं. दोन गावांमधला बांध ओलांडायला आम्हाला अर्धी सकाळ लागे. मी पुढे गेलो तर मागून हाक यायची, "साहेब, ऐका तं!" मी परत मागे जायचो. आपण त्यांचे वरिष्ठ आहोत, हे मला अशा वेळी मोठ्या कष्टाने आठवावं लागे.

तलावाकाठच्या एका गावात एक म्हातारा अडून बसला. चूल हवी, पण कवेलूला भोक पाडू देणार नाही. "पाणी गळन तं कोण येणार हाय? तुमचा साहेब येणार हाय काय?" त्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"येणार नं," बाई म्हणाल्या, "मी घेऊन येतो त्याईले."

मला वाटलं, बोलायची गोष्ट. बाई पदर खोचून शिडीवर चढल्या, गवंड्यासोबत नळकांडं बसवून खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "चूल बाईची असते साहेब, पण छप्पर बुड्याचं असते. आधी बुड्याले राजी करा लागते." पुढे श्रावणात एकदा अशी झड लागली की नाल्यांना पूर आला. नेमक्या त्या दिवशी बाई माझ्या टेबलापुढे छत्री घेऊन उभ्या. "चला. गळते का पाहून येऊ." गुडघाभर चिखल तुडवत गेलो. गळत होतं. धार थेट चुलीवरच्या भाताच्या गंजात पडत होती. म्हातारा आम्हाला पाहून विजयाने हसला, त्याने बाईंना मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग चहा ठेवायला सांगितला. बाईंनी शेणमाती कालवून भोकाची कड लिंपली आणि पाणी थांबेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मला त्यानंतर आठवडाभर ताप होता. त्या गावात मात्र पुढे कोणी भोकाबद्दल हुज्जत घातली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मार्च आला आणि आमचा आकडा सगळ्यांत खाली. गटविकास अधिकाऱ्यांनी मला सगळ्या कार्यालयासमोर झाडलं. मी ते सगळं व्याजासकट बाईंवर ओतलं. त्यात त्यांनी आणखी एक करून ठेवलं होतं. मागच्या वर्षीच्या चुलींपैकी ज्या बायकांनी मोडून टाकल्या होत्या, त्या मोडल्या असं स्वतःच लिहून दिलं होतं. विचारलं नव्हतं कोणी!

"बाई, तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं? मोडल्या तर मोडल्या. बांधल्या होत्या ना आपण?"

"साहेब, पोरगी सासरी नांदत नसन, तं लगन लावलं म्हणून मिरवाचं काय?"

"मग आता काय करायचं?"

"पुन्हा जाचं," त्या शांतपणे म्हणाल्या. मी पंखा लावला.

अशा या बाईच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो नाइलाजाने. कुहीला संध्याकाळची गाडी चुकली होती, अर्थात त्यांच्याचमुळे. "घरी चला, चहा घ्या," म्हणाल्या. दार उघडलं आणि मी ठसकलो. घरभर धूर. डोळे चोळत आत पाहिलं तर जुनी मातीची एकतोंडी चूल भडभड पेटलेली आणि तिच्यासमोर बाईंची सासू, गिरजाबाई, फुंकणी घेऊन बसलेली. तालुकाभर निर्धूर चुली लावत फिरणाऱ्या बाईच्या घरात पलीकडची भिंत दिसत नव्हती.

"बाई, हे काय?" मी विचारलं.

उत्तर सासूनेच दिलं. "काहून जी, चूल नाही पाह्यली काय कधी? हे घर माहं हाय. इथं सरकार येत नाही."

ज्या बाईला मी रस्त्यात कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, ती मुकाट्याने कपबशा विसळत होती. नंतर स्टँडवर सोडायला आल्या तेव्हा कळलं. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला. माहेरचे न्यायला आले, तेव्हा गिरजाबाईंनी सुनेला पाठवलं नाही, शिकायला बसवलं. त्याच चुलीवर मास्तरांची आणि पटवाऱ्यांची खानावळ चालवून तिला मॅट्रिक केलं, नागपूरला प्रशिक्षणाला ठेवलं. "त्या चुलीनं मले नोकरी लावून देल्ली साहेब. तिले मोड, असं कोण्या तोंडानं म्हणू?"

मी म्हणालो, "लोकांच्या सासवांना तर तासतासभर सांगता."

"त्या लोकाइच्या सासवा हाय."

पुढची गाडी लागली, मी जाऊन बसलो.

पुढे गिरजाबाईंना दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नागपूरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली आणि बाईंनी मला विचारलं, "साहेब, तुमच्या घरी काही दिवस ठेवू काय सासूले?" मी आईकडे कोणत्या तोंडाने जाणार होतो? पण आई विचित्र बाई. म्हणाली, "त्या सुनेची सासू आहे म्हणतोस? मग बिचारीला ठेवायलाच हवं." डोळ्यावर पट्टी बांधलेल्या गिरजाबाई आमच्याकडे राहिल्या आणि दोघी म्हाताऱ्यांनी शकुंतलाबाईंची मनसोक्त निंदा करून आपापलं मन हलकं केलं.

मला वाटलं, संधी आली. बाईंना बाजूला घेतलं. "हे पाहा, त्या इथे आहेत. गवंडी आपला, सामान शिल्लक आहे. चार दिवसांत चूल होईल. परत येतील तेव्हा काय करणार आहेत?"

बाई माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू काही मी दरोड्याचा बेत सांगत होतो. "तिच्या डोयावर पट्टी हाय साहेब. पट्टी बांधलेल्या माणसाचं घर लुटाचं काय?"

"अहो, लुटायचं कुठे, तिच्याच डोळ्यांसाठी..."

"तिले इचारल्याबिगर नाही."

मी हात जोडले. खरोखर जोडले.

मग काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा लागला. तो लावायच्या दिवशी शकुंतलाबाई सकाळीच आमच्याकडे आल्या होत्या. गिरजाबाईंनी चष्मा चढवला, माझ्या आईला पाहिलं, माझ्या मुलीला पाहिलं, मग सुनेकडे वळल्या आणि पाहतच राहिल्या. सुनेचे डोळे लाल, पापण्या झडलेल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. घरचा धूर होताच, शिवाय गावोगावच्या स्वयंपाकघरांत बसून घेतलेलाही होता. आम्हाला सवयीने ते दिसत नव्हतं. गिरजाबाईंनी तिला मधली कित्येक वर्षं नीट पाहिलंच नव्हतं.

"शकू," त्या म्हणाल्या, "तू इतकी बुडी कधी झाली वं?"

बाई हसायला गेल्या आणि त्यांना खोकला आला. तो थांबेना. गिरजाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खोकला थांबल्यावर कोणाकडे न पाहता म्हणाल्या, "बांधून टाक वं, काय बांधाचं असन ते. पण जुनी मी माह्या हातानं मोडीन."

आणि मोडली. कुहीला गेल्या, चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, हातात घेतली. मी धरायला गेलो तर मला ढकलून दिलं. नव्या चुलीवर पहिला भात त्यांनीच शिजवला, आणि "चव नाही" असं जाहीर करून दोनदा घेतला.

मला वाटलं, आता तरी बाई जिंकल्यासारख्या दिसतील. पण त्या माझ्याशी भांडायलाच उभ्या. घरची चूल त्या वर्षीच्या आकड्यात धरायची नाही म्हणाल्या, अनुदानही नको. "ते तिनं माह्या तोंडाकडे पाहून बांधली साहेब, चुलीकडे पाहून नाही."

दशक संपता संपता बाईंची कळमेश्वरला बदली झाली. सासूला घेऊन त्या तिकडे गेल्या, कुहीचं घर भाड्याने दिलं. मीही तोवर नागपूरच्या कार्यालयात आलो होतो. चुली माझ्याकडे नव्हत्या, मार्च शांतपणे जात होता. एका रविवारी सहज त्यांना भेटायला कळमेश्वरला गेलो. गिरजाबाई खाटेवर होत्या, चष्म्यातून टकामका पाहत. बाईंनी चहा दिला आणि विचारलं, "कुहीले गेलते काय इतक्यात? आमची चूल कशी हाय?"

मी गेलो होतो. भाडेकरू जोडप्याने ती चूल काढून टाकली होती, हे ओसरीवरूनच दिसलं होतं. खोटं बोलावंसं वाटलं. पण इतकी वर्षं या बाईसोबत काढल्यावर ते जमेना.

"मोडली, बाई."

खाटेवरून गिरजाबाई म्हणाल्या, "म्या म्हनलं होतं."

शकुंतलाबाईंनी मान खाली घालून बशी पुसायला घेतली. दुःख झालं असावं, असं मला वाटलं. मी सांत्वनाचं काही जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"काहून मोडली?"

"म्हणजे?"

"काहून मोडली, इचारलं नाही तुमी?"

"नाही."

"मंग गेले कायले होते?"

"बाई, ते आता तुमचंही काम नाही अन् माझंही नाही."

"मंग कोणाचं हाय?" त्यांनी अगदी सरळपणे विचारलं आणि उत्तराची वाट पाहत बसल्या.

पुढच्या रविवारी, आईच्या आणि बायकोच्या शिव्या खात, मी कुहीची एस.टी. पकडली.